आइन्स्टाइनला धोबीपछाड

आइन्स्टाइन दर आठवड्याला चितपट होतो. कधी ओहायोत, कधी ओडिशात, कधी आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. चितपट करणारे गृहस्थ बहुधा निवृत्त असतात. त्यांच्यापाशी चाळीसेक पानांची पीडीएफ असते आणि तिच्या शीर्षकात ‘फोलपणा’, ‘महाघोटाळा’ किंवा ‘अखेर’ यांपैकी एक शब्द हमखास असतो. प्रत नोबेल समितीला, पंतप्रधान कार्यालयाला आणि एखाद्या संपादकाला गेलेली असते. तिघांकडूनही उत्तर येत नाही. उत्तर येत नाही त्या अर्थी त्यांच्याकडे उत्तर नाही, हे उघडच आहे.

हल्ली फुकटात जगापुढे मांडायची सोय झाल्यामुळे या क्षेत्रात हौशागवशांची गर्दी झाली आहे खरी, पण परंपरा जुनी आणि घरंदाज आहे. २४ ऑगस्ट १९२० रोजी बर्लिनच्या फिलहार्मोनिक सभागृहात, जिथे एरवी बेथोव्हेन वाजायचा, तिथे सापेक्षतावादाच्या निषेधाची जाहीर सभा भरली होती. संयोजक पॉल वायलांड. हे कोण, कुठले, यांनी भौतिकशास्त्रात काय केलं, असले प्रश्न सभेत कोणी विचारत नसतं. संस्थेचं नाव मात्र भारदस्त होतं: शुद्ध विज्ञानाच्या रक्षणासाठी जर्मन निसर्गशास्त्रज्ञांचा कार्यगट. हा गट म्हणजे जवळजवळ एकटे वायलांडच. ‘अखिल भारतीय’ अशी पाटी दहा बाय दहाच्या खोलीवर लावलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. व्याख्यानांची लांबलचक मालिका जाहीर झाली होती. ती दोन सभांत आटोपली.

वायलांड यांचा आक्षेप असा, की हा सिद्धांत म्हणजे वर्तमानपत्रांनी केलेली हवा आहे. त्यांच्यानंतर बोलले एर्न्स्ट गेर्के. हा माणूस मात्र खराखुरा भौतिकशास्त्रज्ञ, प्रकाशशास्त्रातला जाणकार. त्यांचाही निष्कर्ष हाच, की लोकांना सामुदायिक भूल पडली आहे. ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी सापेक्षतावादावरची हजारो कात्रणं जमवली आणि १९२४ मध्ये या सामुदायिक भुलीवर पुस्तकही काढलं. एखाद्या विषयाची दखल कोणी घेऊ नये असं वाटणाऱ्या माणसाने त्या विषयाची इतकी कात्रणं नीट लावून ठेवावीत, ही निष्ठा आजकाल भक्तांतही दिसत नाही.

गेर्के यांचं आणखी एक ऋण या क्षेत्रावर आहे. बुध ग्रहाची कक्षा दर शतकात ४३ विकलांनी जास्तीची सरकते. न्यूटनच्या गणितात हा हिशेब बसत नव्हता, आइन्स्टाइनच्या बसला. गेर्केंनी १९१७ मध्ये पाउल गेर्बर नावाच्या शाळामास्तरांचा १९०२ मधला निबंध उकरून पुन्हा छापवला आणि दाखवून दिलं, की हे सूत्र आधीच मांडलेलं होतं. म्हणजे सिद्धांत साफ चुकीचा आहे आणि तो चोरलेलाही आहे. चोराने खोटी नोट चोरली तर फिर्याद नेमकी कसली करायची, हा प्रश्न गेर्केंना पडला नाही. त्यांच्या वारसांनाही पडत नाही.

त्या सभेला खुद्द आइन्स्टाइन हजर होता. सज्जात बसून हसत होता, टाळ्याही पिटत होता. तीन दिवसांनी त्याने ‘बर्लिनर टागेब्लाट’मध्ये उत्तर छापलं आणि शीर्षकातच या मंडळींना ‘सापेक्षताविरोधी कंपनी लिमिटेड’ करून टाकलं. ते उत्तर त्याच्या मित्रांना रुचलं नाही. एरेनफेस्टने तर त्याला तसं कळवलंही. बरोबरच होतं त्याचं. हौशी खंडनकर्त्याला उत्तर देणं म्हणजे त्याच्या पीडीएफला एक परिशिष्ट मिळवून देणं.

इथे जरा हसू आवरावं लागतं. त्या सभेमागे शुद्ध विज्ञानापेक्षा ज्यूद्वेष जास्त होता. पुढे फिलिप लेनार्ड आणि योहानेस श्टार्क या दोन नोबेलविजेत्यांनी ‘जर्मन भौतिकशास्त्र’ नावाचं एक वेगळंच दुकान थाटलं, आणि डिसेंबर १९३२ मध्ये जर्मनी सोडून गेलेला आइन्स्टाइन पुन्हा कधी तिथे पाऊल टाकायला आला नाही. आजचे बहुतेक खंडनकर्ते यातले नव्हेत. ते निरुपद्रवी असतात, फार तर लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात.

१९३१ मध्ये लायपझिगला ‘आइन्स्टाइनविरुद्ध शंभर लेखक’ नावाचं पुस्तक निघालं. शंभरातल्या नव्याने लेख लिहिणाऱ्यांची संख्या अठ्ठावीस. बाकीच्यांचे जुने उतारे किंवा नुसतीच नावं. सह्यांची मोहीम चालवणाऱ्या कोणालाही हे प्रमाण ओळखीचं वाटेल. त्यावर ‘चुकलोच असेन तर एकही पुरला असता’ अशा अर्थाचं आइन्स्टाइन काहीसं म्हणाला असं सांगतात. ते वाक्य आता गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली येऊ लागलं आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

या मंडळींच्या भात्यातला सगळ्यात आवडता बाण म्हणजे नोबेल. “सापेक्षतावादासाठी त्याला नोबेल मिळालंच नाही, ठाऊक आहे?” ठाऊक आहे, आणि खरंही आहे. १९२१ चं नोबेल त्या वर्षी राखून ठेवलं आणि १९२२ मध्ये दिलं, तेही प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. समितीत अल्वर गुलस्ट्रँड होते. डोळ्यांचे निष्णात डॉक्टर, १९११ चे वैद्यकातले नोबेलविजेते. सापेक्षतावाद त्यांच्या गळी उतरला नाही आणि त्यांनी तसा अहवाल दिला. जगातला सर्वांत यशस्वी सापेक्षताविरोधक नेत्रतज्ज्ञ निघावा, यावर एखादा सवंग विनोद सहज करता येईल. मी करत नाही. १९२३ मध्ये आइन्स्टाइन स्वीडनला गेला आणि त्याने नोबेलचं व्याख्यान सापेक्षतावादावरच दिलं. माझ्यापेक्षा बरा विनोद त्यानेच करून ठेवला आहे.

आता आपल्याकडचे नमुने. माझ्या परिचयाचे एक कार्यकारी अभियंता आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त. माणूस सज्जन, हिशेबाला चोख. त्यांनी बांधलेल्या पुलावरून मी डोळे मिटून जाईन. त्यांचा प्रबंध स्पायरल बाइंडिंगमध्ये आहे, वर पारदर्शक प्लास्टिक, पहिल्या पानावर माथ्याशी ‘श्री’. आकृती क्रमांक १ मध्ये आगगाडीचं ते प्रसिद्ध उदाहरण आहे: धावत्या गाडीच्या दोन्ही टोकांवर वीज पडते, फलाटावरच्या माणसाच्या लेखी दोन्ही विजा एकाच क्षणी पडतात, गाडीतल्याच्या लेखी पुढची आधी. साहेबांनी गाडी पट्टीने काढली आहे, डब्यांना खिडक्या आहेत आणि इंजिनावर ‘डेक्कन क्वीन’ असं लिहिलं आहे. खाली निष्कर्ष: गाडीतल्या माणसाला झाला तो भास, खरी वेळ स्टेशनमास्तरची.

“अहो, साधी गोष्ट आहे,” साहेब म्हणाले. “गाडी पुढच्या विजेकडे चाललीय, म्हणून तिचा प्रकाश त्याला आधी दिसला. आधी दिसली म्हणजे आधी पडली असं थोडंच आहे? यात सिद्धांत कसला?”

आता गंमत अशी, की प्रकाशाला पोचायला लागणारा वेळ वजा करूनच आइन्स्टाइनने पुढची ओळ लिहिली आहे. गाडीतला माणूस बरोबर मधोमध बसला आहे, दोन्ही टोकं त्याच्यापासून सारखीच लांब, आणि प्रकाशाचा वेग त्यालाही तेवढाच मोजता येतो. पुढच्या विजेचा प्रकाश आधी आला तर पुढची वीज त्याच्या लेखी आधीच पडली. दुसरा हिशेब त्याच्याकडे नाहीच. स्टेशनमास्तरकडे जादा अधिकार आहेत असं धरायचं तर ते निसर्गाने दिले की रेल्वे बोर्डाने, एवढं तरी सांगावं लागेल. साहेबांना हे सांगितलं. त्यांनी ‘हाच तर घोटाळा आहे’ अशी मान हलवली.

साहेबांना दोष तरी किती द्यायचा? त्यांनी वाचलं ते काय? चादर ताणून धरली, मध्ये लोखंडी गोळा ठेवला, चादरीला खड्डा पडला, गोट्या गडगडत खड्ड्याकडे गेल्या, झालं गुरुत्वाकर्षण! विज्ञानाची गोडी लावणाऱ्या लेखकांनी सगळ्या जगाला ही चादर विकली. शहाण्या माणसाला लगेच प्रश्न पडतो: गोळा खाली जातो तो कशाने? चादरीखाली दुसरं गुरुत्वाकर्षण आहे का? प्रश्न रास्त आहे. फक्त तो चादरीला विचारलेला आहे, आइन्स्टाइनला नव्हे. आइन्स्टाइनच्या निबंधात चादर नाही, समीकरणं आहेत, आणि समीकरणं येण्यापूर्वीच वाचणाऱ्याने चादर ओढून घेतलेली असते.

झाबीने होसेनफेल्डर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी यावर नामी उपाय काढला. अशा हौशी सिद्धांतकारांना त्यांनी फी घेऊन सल्ला द्यायला सुरुवात केली, २० मिनिटांचे ५० डॉलर. लोक पैसे मोजून आले. बाईंचा अनुभव असा, की यातले बहुतेक वेडे नव्हेत, सुशिक्षित आहेत, पोटापाण्याला दुसरं काही करतात. त्यांच्यापाशी चित्रं असतात, गणित नसतं. आपल्याकडे फी लावली तर मात्र पहिल्या पाच मिनिटांत आइन्स्टाइन सुटेल आणि उरलेली पंधरा ‘आम्हा पेन्शनरांना सवलत किती’ यात जातील.

गणित नको हे तर आपल्याकडे वरूनच ठरलेलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी अर्थव्यवस्थेच्या आकड्यांत अडकू नका असं सांगताना दाखला दिला, की आइन्स्टाइनला गुरुत्वाकर्षण शोधायला गणित काही उपयोगी पडलं नव्हतं. नंतर, आपल्याला न्यूटन म्हणायचं होतं, अशी दुरुस्ती आली. तो न्यूटन, ज्याने लागेल ते गणित हाताशी नव्हतं म्हणून नवीन तयार करून घेतलं.

गेर्केंचा ‘चूकही आणि चोरीचाही’ हा वारसा तर आपण घरचाच करून टाकला आहे. मार्च २०१८ मध्ये इंफाळच्या विज्ञान काँग्रेसमध्ये तेव्हाचे विज्ञानमंत्री हर्षवर्धन यांनी स्टीफन हॉकिंगचा हवाला देऊन सांगितलं, की आइन्स्टाइनच्या सूत्राहून वरचढ सिद्धांत वेदांत असू शकतो. हॉकिंग त्याच आठवड्यात वारले होते, खुलासा करायला मोकळे नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला त्याच काँग्रेसमध्ये एका वक्त्याने न्यूटन आणि आइन्स्टाइन दोघांनाही एका फटक्यात निकालात काढलं, आणि गुरुत्वीय लहरींना पंतप्रधानांचं व भिंगातल्यासारख्या वाकणाऱ्या प्रकाशाला विज्ञानमंत्र्यांचं नाव द्यावं असं सुचवलं. सिद्धांत चुकीचा, पण त्याचे परिणाम नाव द्यायला शिल्लक. आयोजकांनी हात झटकले. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला आणि परतला तर पृथ्वीवर युगं उलटली होती, ही गोष्ट पुराणात आहेच. सुंदर गोष्ट आहे. तिच्यात ककुद्मीचं घड्याळ किती मागे पडलं याचं सूत्र असतं, तर भांडणच मिटलं असतं.

कारण सगळं अडतं ते तिथे, आकड्यावर.

ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोघांनी चार सिझियम घड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. घड्याळांना सीट लागायची, म्हणून तिकिटं ‘मिस्टर क्लॉक’ या नावाने काढली होती. गणित आधी मांडलेलं होतं: पूर्वेकडे गेली तर सुमारे ४० नॅनोसेकंद मागे, पश्चिमेकडे गेली तर २७५ पुढे, थोडंफार इकडेतिकडे. प्रत्यक्षात ५९ मागे आणि २७३ पुढे. दोघांनी मिळून खर्च केला आठेक हजार डॉलर, त्यातले बहुतेक तिकिटांवर. एवढ्यात आपल्याकडे परिषदेचा मंडपही उभा राहत नाही.

याच सुमाराला, १९७२ मध्ये, हर्बर्ट डिंगल यांचं विज्ञान वाट चुकल्याची हाकाटी करणारं पुस्तक आलं. डिंगल म्हणजे या पंथाचे संत. साधा माणूस नव्हे. १९२२ मध्ये सापेक्षतावादावर सोपं पुस्तक लिहिलेला, पुढे लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा अध्यक्ष. उतारवयात त्यांना शंका आली: दोन घड्याळं एकमेकांपासून दूर जाताहेत, प्रत्येकाच्या मते दुसरं हळू चालतंय, मग खरोखर हळू कोणतं? मग अखेरपर्यंत ते हाच प्रश्न विचारत राहिले आणि उत्तर देणारे थकले. एक घड्याळ मध्येच वळून परत आणलंत की दोघांची बरोबरी संपली, आणि बरोबरी संपली की उत्तर एकच येतं, एवढाच मुद्दा होता. मिस्टर क्लॉक परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेच उत्तर होतं.

जीपीएसचं नाव काढलं की साहेब म्हणतात, “ते अभियंते जुळवून घेतात हो. मी अभियंताच आहे, मला सांगू नका.” जुळवून घेतात, यात शंका नाही. पण जून १९७७ मध्ये अमेरिकेने एनटीएस-२ नावाचा उपग्रह सोडला, तेव्हा तिथल्या काही अभियंत्यांचा अगदी साहेबांसारखाच सापेक्षतावादावर भरवसा नव्हता. त्यांनी पीडीएफ लिहिली नाही, बटण बसवलं. दुरुस्तीची यंत्रणा उपग्रहात ठेवायची, पण बंद. आधी घड्याळाला त्याच्या मर्जीने चालू द्यायचं, आणि वर ते खरंच पुढे जायला लागलं तर बटण दाबायचं. सिद्धांत सांगत होता, दिवसाला ३८.६ मायक्रोसेकंद पुढे जाईल. वीस दिवस मोजलं. ३८.२ निघाले. दाबलं बटण. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश अकरा किलोमीटरहून जास्त जातो, त्यामुळे ज्यांना हे बटण नको असेल त्यांनी स्वारगेटला जायला निघून लोणी काळभोरला उतरायची तयारी ठेवावी.

मला हे बटण फार आवडतं. अविश्वास असावा तर असा, दिवसाला किती मायक्रोसेकंद ते सांगून बसणारा. २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाला न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसले, तेव्हाही त्या मंडळींनी ‘आइन्स्टाइन संपला’ असा फलक लावला नाही. आमची चूक कुठे आहे ती शोधून द्या, असं जगाला सांगितलं. मुख्यतः एक ऑप्टिकल फायबरची जोडणी सैल निघाली. त्या सैल जोडणीच्या जोरावर इकडे चाळीसेक पीडीएफ सुटल्या असतील, त्या अजून घट्ट आहेत.

विरोध करावा कसा हे बघायला आपल्याला इटलीला जायचीही गरज नव्हती. जयंत नारळीकर आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांताविरुद्ध उभे राहिले. १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांतच मांडला, समीकरणांसकट. पुराव्याचं पारडं बहुतांशी दुसरीकडे झुकलं, तरी त्यांनी प्रत्येक फेरीत नवं गणित आणलं. त्यांना कोणी खंडनकर्ता म्हटलं नाही. आणि ज्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा पकडल्या, त्यांची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढाही फरक पडला तर कळला पाहिजे. लहर म्हणजे भास आहे असं ज्यांचं मत असेल, त्यांना हिंगोलीची एसटी आतापासून मिळते.

साहेबांचा उत्साह बघून मात्र मला राहवलं नाही. त्यांना म्हटलं, चूकच हवी आहे ना, एक देतो. सापेक्षतावादावरच्या १९०५ च्या निबंधात, चौथ्या भागाच्या शेवटी, आइन्स्टाइन म्हणतो की विषुववृत्तावरचं घड्याळ ध्रुवावरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालेल, कारण ते पृथ्वीबरोबर फिरतंय. हिशेब केला तर दिवसाला साधारण शंभर नॅनोसेकंदांचा फरक यायला हवा. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर काहीच फरक पडत नाही. पृथ्वी मध्ये फुगीर आणि ध्रुवांशी चपटी आहे, ध्रुवावरचं घड्याळ केंद्राला एकवीस किलोमीटर जवळ, त्यामुळे ते गुरुत्वाकर्षणाने हळू होतं आणि दोन्ही फरक एकमेकांना खाऊन टाकतात. वेळेवरचा गुरुत्वाकर्षणाचा परिणाम तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हता, तो त्यानेच पुढे शोधला. छापील, सही-शिक्क्याची चूक, शंभरावर वर्षं तिथेच पडून आहे, आणि शंभर लेखकांच्या गर्दीने तिला हातही लावला नाही.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

“म्हणजे दुरुस्त पण त्यानेच केली?”

“हो.”

“आणि ते दाखवायला गणित करावं लागणार?”

“थोडंसं. बारावीच्या वर जात नाही.”

“छे हो,” साहेब प्रबंध पिशवीत घालत म्हणाले, “पहिल्या पानावरची एखादी असेल तर बघा.”